जीपमधी सुचली

आमच्या घरात संगीत माझ्याकडून आलं, असा माझा पंचवीस वर्षं पक्का समज होता.

मी मंगरूळपीरला एका सरकारी कचेरीत बाबू आहे. मुलगी प्राची बी.कॉम.ला. ती रॅप करते. रॅप म्हणजे आपण भाजीवाल्याशी घासाघीस करतो ना, तेच, पण तालात! तिनं मोबाइलवर स्वतःचं नाव 'एम.सी. प्राची' असं लावलं, तेव्हा मला वाटलं पोरगी म्युनिसिपालिटीत लागली. (मी शेजारी पेढे वाटून आलो होतो. ते परत मागता येत नाहीत.)

तर प्राचीनं अकोल्याच्या एका स्पर्धेसाठी गाणं केलं. जुन्या सिनेमाच्या गाण्यातला बासरीचा तुकडा कापला, तो हळू केला, त्याच्याखाली धाडधाड बीट टाकला आणि वरून 'लग्न कधी?' विचारणाऱ्या तमाम आत्यांचा समाचार घेतला. (माझ्या बहिणीचं नाव घेतलं नव्हतं, पण गाव घेतलं होतं.)

गाणं इंटरनेटवर चढवलं आणि चहाला उकळी फुटायच्या आत तिथल्या कंपनीच्या मशीनचा निरोप आला: गाण्यातला अकरा सेकंदांचा तुकडा दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आवाज बंद! आता व्हिडिओत प्राची नुसतीच हात उडवत होती, मधमाश्या मागे लागल्यासारखी.

"बाबा, कॉपीराइट लागला!" ती ओरडली.

"लय लागलं का वं?" स्वयंपाकघरातून सुनंदा, म्हणजे माझी बायको, हळद घेऊनच धावली.

प्राची रडकुंडीला आली होती. स्पर्धेत फक्त स्वतःचं गाणं चालतं, आणि गाणं पाठवायला चारच दिवस उरले होते. बापाचं काळीज हललं.

"रडतं कायले?" मी म्हणालो. "माही चाल घे. अस्सल हाय! लगन जमलं तवा तुह्या मायसाठी बांधली होती."

सुनंदा चक्क लाजली. आमच्या लग्नापासून ही चाल घरात मुक्कामाला आहे. भांडण झालं, की मी ती गुणगुणायचो आणि पुढची भाकरी गरम मिळायची.

आम्ही खोलीचा पंखा बंद केला, खिडकीला गोधड्या लावल्या आणि मी घामाघूम होऊन गुणगुणलो. प्राचीनं त्यावर रॅप केला, गाणं चढवलं. दोन मिनिटांत निरोप! ही चालही दुसऱ्याच्या मालकीची! एका सिनेमा कंपनीची!

"चोट्टे!" मी गरजलो. "माही चाल चोरली त्यायनं!"

मी रीतसर अर्ज लिहिला. विषय : माझी स्वतःची चाल मला परत मिळणेबाबत. सोबत लग्नपत्रिकेची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि 'ही चाल आम्ही भिंतीपलीकडून नेहमी ऐकतो' असं दोन शेजाऱ्यांचं लेखी. प्राची "बाबा, असं नाई चालत तिथं" म्हणत होती. मी तिला फोटो काढून पाठवायलाच लावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अर्ज नामंजूर. सोबत मूळ गाणं.

तिघांनी ऐकलं. तीच चाल! फक्त माझ्या नाकाऐवजी चाळीस व्हायोलिनं होती. आणि सिनेमा माझ्या जन्माच्या चार वर्षं आधीचा.

 मग सुनंदानं विचारलं, "अवो, हे चाल तुमाले सुचली कुठं?"

"कामरगावच्या जीपमधी. तुले पाहून वापस येत होतो तवा."

"जीपमधी टेप होता?"

"होता."

"चालू होता?"

मी उठून पंखा लावला.

"चालू... असंल."

"बाप्पा! आन् मी पंचवीस वर्सं साऱ्या गल्लीले सांगून राह्यली, का आमच्या यायनं माह्यासाठी चाल बांधली म्हून!"

ती उठून गेली. दोन दिवस बोलणं बंद. चहा मिळायचा, पण कप असा आदळायची की अर्धा बशीत आणि अर्धा माझ्या पँटवर. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. आणि भांडण मिटवायचं माझं एकमेव साधन तर सिनेमा कंपनीनं जप्त केलेलं!

तिसऱ्या दिवशी सुनंदा खलबत्त्यात लसूण-मिरची कुटत होती. माझ्या नावानं कुटत असावी, कारण भांड्यांची मांडणी थरथरत होती. ठक-ठका-ठक! "हं! म्हणे मले सुचली! जीपमधी सुचली!" ठक-ठका-ठक!

प्राची मोबाइल घेऊन धावली. "आई, थांबू नको! असंच कुटत राय!"

त्या ठेक्यावर प्राचीनं माझ्या चोरीची सगळी कथा रॅप केली, आणि ते गाणं कोणीही अडवलं नाही. आईची चिडचिड शंभर टक्के मूळ निघाली. 'जीपमधी सुचली'ला अकोल्यात दुसरा नंबर मिळाला. (पहिला ज्याला मिळाला, त्याच्या आईला आणखी राग येत असावा.)

बक्षीस पाहून सुनंदा हसली आणि माझ्याशी बोललीसुद्धा. "तुमी इतकं बेसूर गायचे, का मले ते सिनेमातलं हाय असं कधी वाटलंच नाई. त्या मशीननं कसं वळखलं काय माईत!"

महिनाभरानं कारंज्याला एका लग्नात गेलो, तर वरातीत डीजेवर आमचंच गाणं! माझं डोकं सणकलं. गर्दी चिरत मी त्या डीजेपाशी पोचलो.

"बंद कर! हे आमचं गाणं हाय! कोणाले इचारून लावलं?"

त्यानं आवाज कमी केला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, तुमीच का ते जीपवाले?"

"हो," मी जरा ताठ झालो.

त्यानं माइक उचलला. "मंडळी, वरिजनल चोर आपल्या वरातीत हायेत! टाळ्या!"

सगळी वरात माझ्याभोवती जमली. नवरीच्या मामानं तर खांद्यावर हात टाकून माझ्यासोबत सेल्फी काढला. फक्त काढण्याआधी त्यानं आपलं पाकीट माझ्याकडच्या खिशातून काढून स्वतःच्या पलीकडच्या खिशात ठेवलं.