रणगाड्यावरचा अंगठा

धम्मदिना घाबरट होती आणि ते ती स्वतःही नाकारत नसे. कुत्र्याला घाबरायची, लिफ्टला घाबरायची. वळ गावच्या गोदामात ती कामाला होती; तिथल्या सुपरवायझरने नुसतं "ओ ताई" म्हटलं तरी ती दचकायची. वडपे गावाजवळ हायवे ओलांडायचा असला की दुसरं कुणी ओलांडणारं भेटेपर्यंत ती कडेला उभी राहायची आणि मग त्याच्या आडोशाने पलीकडे जायची. अशी ही बाई, आणि सुट्टीच्या दिवशी काय करायची? तर रणगाडे रंगवायची!

तळहाताएवढे, प्लास्टिकचे रणगाडे. गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात तिची ड्युटी. तिथे फाटक्या खोक्यातला एक सुट्या भागांचा संच कुणालाच नको होता, म्हणून तिने घरी नेला. चित्रं बघून जोडला, मग रंगवला, आणि मग थांबलीच नाही. आता वाळवंटी रंगात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुण्या-नाशिकचे हौशी लोक आपले रणगाडे कुरिअरने तिच्याकडे पाठवत. खाली गंजासारखा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर वाळूचा पिवळट थर. सुकला की ओल्या ब्रशने कोपरे घासायचे. वरच्या रंगाचे टवके निघतात, खालचा गंज दिसतो, आणि काल खोक्यातून निघालेला रणगाडा दहा वर्षं उन्हातान्हात हिंडून आल्यासारखा दिसू लागतो. ब्रश हातात असेपर्यंत धम्मदिनाला कशाचीच भीती वाटत नसे.

पण या आठवड्यात ब्रशकडे बघूनच तिला घाम फुटत होता. कारण मंगळवारी जैनबआपांचा फोन आला होता.

जैनबआपा भिवंडी शहरातल्या, जुन्या पॉवरलूमवाल्यांच्या घरातल्या. त्यांचा एकुलता मुलगा अफनान एकोणीस वर्षांचा होता. आठ महिन्यांपूर्वी हायवेला त्याची बाईक ट्रेलरखाली गेली. त्याने जोडलेला, पण रंग द्यायचा राहिलेला एक रणगाडा दोन आठवड्यांपूर्वी आपा स्वतः रिक्षाने धम्मदिनाकडे घेऊन आल्या होत्या, ओढणीत गुंडाळून. "त्याला वाळवंटातला करायचा होता. तू कर," एवढंच म्हणाल्या आणि पाणीही न पिता गेल्या.

आणि मंगळवारी हा फोन. "दिना, रंग पातळच दे हां बेटा. वरती झाकणाजवळ त्याच्या अंगठ्याचा ठसा हाय. तो बुजायला नको. मी रोज त्याच्यावर बोट ठेवायची."

"हो आपा," धम्मदिना म्हणाली.

ठसा नव्हता. पहिल्याच दिवशी तिने तो काढून टाकला होता, आणि आता तर त्यावर रंगही चढला होता. जोडताना बोटाला गोंद लागलेला असला की प्लास्टिक तेवढ्यापुरतं विरघळतं आणि बोटाच्या रेषा त्यात उमटतात. रंग दिल्यावर त्या जास्तच उठून दिसतात. म्हणून चांगला रंगवणारा आधी बारीक दाण्याचा पाणी पेपर घेतो आणि अशी जागा घासून साफ करतो. शिकाऊ माणूस ते विसरतो. धम्मदिना विसरली नव्हती. "पोराने घाई केलेली दिसते," असं मनात म्हणत तिने ती जागा आरशासारखी गुळगुळीत करून ठेवली होती. वर स्वतःवर खूशही झाली होती.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. फोन वाजला की ती तो उलटा करून ठेवायची. गोदामात तिने दोन पार्सलं चुकीच्या कप्प्यात टाकली. आपा ओरडतील, रडतील, दारात येऊन तमाशा करतील, नाहीतर नुसत्याच बघत राहतील. यातलं कुठलं जास्त वाईट, हेही तिला ठरवता येईना.

नवरा मिथुन टेम्पो चालवायचा. कुठल्याही भानगडीतून वाट काढण्यात तो पटाईत. "एवढं काय घेऊन बसलीस? गोंद लाव, तुझा अंगठा दाब, वरून रंग मार. कुणाला कळतंय?"

खरंच, कुणाला कळणार होतं? तिने आधी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. ठसा असा झकास उमटला की तिलाच तो खरा वाटला. मग अफनानच्या रणगाड्याची ती जागा तिने खरवडून मोकळी केली, गोंदाचा थेंब सोडला, अंगठा वर धरला. आणि एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं, की आपा उद्यापासून मरेपर्यंत रोज सकाळी धम्मदिनाच्या अंगठ्यावर बोट ठेवणार आणि पोराशी बोलणार. ती इतकी घाबरली, की आपांच्या ओरडण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती. तिने फडक्याने गोंद पुसला आणि हुंदके देत बसली.

शुक्रवारी अर्धी सुट्टी टाकून ती रणगाडा घेऊन आपांच्या घरी गेली. जिन्यात दोनदा थांबली, एकदा तर दोन पायऱ्या मागेही उतरली. आपांनी दार उघडलं, आणि आत बसायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलं. पाणी पेपर सांगितला, फोनवर खोटं "हो" म्हटल्याचं सांगितलं, गोंदाचा थेंबही सांगितला. मग मान खाली घालून उभी राहिली, मार खायला उभं राहावं तशी.

आपा ओरडल्या नाहीत. त्यांनी रणगाडा हातात घेतला, खिडकीपाशी नेला. वाळूच्या रंगावरून, टवक्यांवरून, चाकांवरच्या धुळीवरून बोट फिरवलं. बोट झाकणाजवळच्या खरवडलेल्या जागी आलं आणि तिथेच थांबलं.

"त्याला पण तो ठसा आवडला नव्हता," त्या म्हणाल्या. "मला दाखवला होता. अम्मी, हे बघ, घाण झाली. रविवारी घासून काढतो, म्हणाला. आणि शनिवारी गेला."

धम्मदिनाला हायसं वाटलं. चार दिवसांनी पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं हललं. म्हणजे आपण काही बिघडवलं नाही, त्याचंच राहिलेलं काम आपल्या हातून झालं! तेच बोलायला तिने तोंड उघडलं.

"रंगाचं काम मी तुला दिलं, दिना," आपा म्हणाल्या. त्या अजून खिडकीकडेच बघत होत्या. "घासायचं न्हाय दिलं. ते मी ठेवलं होतं. ते तो येऊन करणार होता."