अण्णाचं अड्यारकाठचं घर

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. चेन्नईतल्या अड्यार नदीवर मी पुस्तकं लिहिली, इथल्या मराठी मंडळींचं मासिक म्हातारपणापर्यंत चालवलं, शाल घेऊन नदीवर भाषणं ठोकली. त्यात कुठेही अण्णा नाही. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, रेल्वेतला कारकून.

निवृत्तीनंतर त्याला एग्मोरला, माझ्या जवळच फ्लॅट हवा होता. मीच त्याला तांबरमच्या पुढे नदीकाठी नेलं, बगळे दाखवले.

"पाणी वर येतं का रे?"

"ही नदी मला विचार," मी हसलो. "तुझ्या पायरीलासुद्धा लागणार नाही."

त्यानं घर घेतलं.

२०१५च्या डिसेंबरातल्या पुरात घरात छातीएवढं पाणी चढलं. अण्णा आणि वहिनी रात्रभर गच्चीवर भिजत होती. मग होडीतून सुटून माझ्याकडे आली. एका खोलीत वहिनी चिखलाचे कपडे पंख्याखाली वाळवत होती, दुसरीत मी अग्रलेख लिहीत होतो. नदीनं आपली जागा परत घेतली, हावेपोटी तिच्या काठावर घरं घेणाऱ्यांनी आता रडू नये, असा. लेख गाजला.

अण्णानं अंक जेवताना ताटाशेजारी आपटला.

"हावरा कोण? मी?"

"तुझ्याबद्दल नाही रे. सर्वसाधारण लिहिलंय."

"मग गच्चीवर मी सर्वसाधारण भिजलो काय? बगळे कोणी दाखवले, तेही छाप की!"

"स्वस्त मिळालं म्हणून घेतलंस. माझ्यावर ढकलू नकोस."

वहिनी भरल्या ताटावरून उठली. त्याच संध्याकाळी दोघं त्या चिखलात परत गेली. मी अडवलं नाही. उलट पुढच्या अंकात अग्रलेखाच्या कौतुकाची पत्रं छापली.

पुढे अण्णा हॉस्पिटलात पडला तेव्हा गेलो. नेहमी भावजी म्हणणारी वहिनी दारातच म्हणाली, "या, संपादक. आता काय छापायचंय?"

मला बघून अण्णानं भिंतीकडे तोंड केलं. मी खुर्ची ओढली, बसलो, आणि विचारलं, "डॉक्टर कोण आहेत?"

"बाहेर पाटी आहे. वाच."

पाटी वाचायला म्हणून उठलो, तो सरळ घरी आलो. दोन दिवसांनी तो गेला.

ते घर तू माझ्या शब्दावर घेतलंस, अण्णा, आणि हावरा तुला मी ठरवलं, चुकलो, एवढंच त्या खुर्चीत बसून म्हणायचं होतं.