एकट्या बाईला दिलेलं घर

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं काम करायची. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाचं सगळं तिच्याकडे आलं. भाऊ तिशी ओलांडलेला, पण त्याला बोलता येत नसे. आनंद झाला की मोठ्याने हुंकारायचा, घाबरला की किंचाळायचा. बसमध्ये तो फार घाबरे; मेट्रोत मात्र खिडकीला नाक लावून गुमान बसे. त्याला मेणबत्त्या करायला शिकवणारी कार्यशाळा मेट्रोच्याच वाटेवर होती. म्हणून बाईला स्टेशनजवळ घर हवं होतं.

घरं होती. पण भाऊ दिसला की घरमालकांना अचानक आपला पुतण्या आठवायचा, त्यालाच जागा द्यायची असायची. एकीने तर दारातच विचारलं, "हे रोज असंच ओरडतात का?"

शेवटी मावशी म्हणाली, "अगं, एकटीच आहे म्हणून सांग. त्याला ठेव माझ्याकडे. ओळख झाली की ने हळूच."

बाईला पटलं नाही, पण ती हिंडून थकली होती. तिने तसंच सांगितलं.

"एकटी बाई असली की घोर नसतो बघा," म्हणत वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

ओळख वाढली. खरं सांगायला बाईने कितीदा तरी तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी बोलली. मग एका रविवारी ती भावाला घेऊनच आली. गॅलरीतून मेट्रो दिसताच तो कठडा धरून असा हुंकारला की समोरच्या खिडक्या उघडल्या. घरमालकीण खाली आली.

"कोण हे?"

"माझा भाऊ."

"पाहुणे आलेत होय? मग असू दे. जाणार कधी?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं. "संध्याकाळी," बाई म्हणून गेली.

संध्याकाळी तो जागचा हलेना. तिने खाली बसून त्याचा एकेक पाय उचलला आणि चपला चढवल्या.

मावशीकडून कार्यशाळेला बसनेच जावं लागे. रोजच्या किंचाळण्याला मावशी कंटाळली आणि कार्यशाळा सुटली. आता तो दिवसभर खाटेवर बसून असतो. बाई आधी दर रविवारी जायची, आता जमेल तशी जाते.

घर तिला सोयीचं पडतं. झोप पुरते, कामावर वेळेत पोचते. ही शांतता आपल्याला आवडू लागलीय, हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. घर मात्र तिने सोडलं नाही.

वर्ष सरल्यावर करार नव्याने झाला. "तुमच्यासारखी भाडेकरू मिळायला नशीब लागतं," घरमालकीण म्हणाली. बाईने मान डोलावली आणि दाखवलेल्या जागी सही केली.