जागृतीकाकांचं कुटुंब

बायकांविषयी जागृतीकाकांइतका कळवळा आमच्या देवासात कुणालाच नव्हता, आणि तो सगळा त्यांना बसल्या जागी येई. स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेतला नाही या माणसाने कधी. संस्थान होतं तोवर ते दरबारी मंडळींच्या तसबिरींतल्या मिशा रंगवीत. दरबार गेला, तशी त्यांनी स्त्रीजागृती हाती घेतली. काहीतरी रंगवायला हवंच होतं. गावाने नावही तेच ठेवलं.

चित्र ठरलेलं. नऊवारीतली बाई, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात मशाल, पायाशी तुटलेली साखळी. समोर उभं राहायला काकू. मशालीच्या जागी लाटणं. साखळी गोठ्यातली, त्यामुळे त्यांची गाय आमच्या परसातलं अळू खाऊन जायची. काकू तासन्‌तास हात वर धरून उभ्या. मध्येच काका म्हणत, "मशाल ठेव खाली, चहा टाक." चहा झाला की पुन्हा मशाल.

हात मात्र सोन्याचा होता मेल्याचा, खोटं कशाला बोलू? काकूंच्या कपाळावरची बारीक आठीसुद्धा सुटली नव्हती. ती कशाने पडली, हे विचारावंसं मात्र त्यांना कधी वाटलं नाही.

महिला मंडळात व्याख्यानालाही यांनाच बोलवत. "आमच्या घरात पूर्ण स्वातंत्र्य आहे," ते सांगत. "मी नाही म्हणेपर्यंत ती वाटेल ते करू शकते." बायका टाळ्या वाजवत. मॅट्रिक होऊन मीही वाजवल्या.

पहिल्या निवडणुकीचं काकूंनी फार मनावर घेतलं होतं. चिठ्ठी कुठल्या पेटीत कशी टाकायची, ते माझ्याकडून तीनतीनदा समजून घेतलं. "जन्मात एक गोष्ट माझी मी ठरवीन गं," म्हणाल्या. मतदारयादी करायला माणूस आला तेव्हा त्या विहिरीवर होत्या. काका ओसरीवर.

"बाईसाब का नाम, भिया?"

काकांचा चेहरा आंबट झाला. "हमारे में औरत का नाम नहीं बताते. लिख लो, चित्रकारसाब की घरवाली."

मी कुंपणाशी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या आईचंही आमच्याकडे तसंच लिहिलं गेलं होतं.

मतदानाच्या दिवशी काकू हिरवं लुगडं नेसून रांगेत उभ्या राहिल्या. माझं मताचं वय झालं नव्हतं, मी फाटकाशी थांबले. थोड्या वेळाने त्या परत आल्या. "यादीत नाही म्हणाला. नावाशिवाय लिहिलेल्या सगळ्या बायका गाळल्यात."

घरी काका मत देऊन आलेले. "अगं, माझं मत ते तुझंच की," म्हणाले. "चल, उभी राहा, उजेड छान आहे." आणि काकू लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला त्या माणसाची किळस आली. ते जाऊन इतकी वर्षं झाली, ती काही गेली नाही.

पुढल्या यादीच्या वेळी काका ओसरीवरच होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत काकू बाहेर आल्या.

"लिहा. भागीरथी."

"पति का नाम?"

काकूंनी तेही सांगितलं. उखाणा नाही, लाजणं नाही, आडनावासकट.

"नवऱ्याचं नाव घेतेस?" काका पुटपुटले.

"त्यांनी विचारलं," काकू म्हणाल्या, आणि लिहून होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लागून राहत होतो. काकूंचं नाव मला त्या दिवशी कळलं.