गुंजनच्या पेटीवरचा दिवा

लाखनीजवळच्या तलावावर चाळीस वर्षं जाळं टाकलेल्या मोतीलालला पाण्यातलं सगळं कळतं, ही बातमी गावभर मोतीलालनेच पसरवलेली होती. नुसत्या बुडबुड्यावरून तो खाली रोहू आहे की कतला ते सांगायचा, आणि जाळ्यात भलतंच काही आलं तर बुडबुड्याला खोटारडा ठरवायचा. अशा माणसाला दीड फुटाच्या काचेच्या पेटीने हरवलं.

पेटी गुंजनची, त्याच्या एकुलत्या एक लेकीची. सिकलसेलच्या आजाराने हाडं ठणकू लागली की तिला आठ-आठ दिवस खाटेवर काढावे लागत. तेव्हा मोबाइलवर बघून बघून तिने ही पेटी सजवली. तळाला वाळू, मधोमध बापानेच तलावाकाठून आणलेलं वाकडं लाकूड, त्याला शिवणाच्या दोऱ्याने बांधलेलं गोल पानांचं रोपटं, नखाएवढे सहा मासे, आणि वर विजेचा छोटा दिवा.

"बाबा, हे खायचे नाईत हं."

"खातो कायले? दाताच्या फटीत तरी अडकन का एखादा?"

पौषात गुंजन गेली. एकोणीस वर्षांची होती.

त्या दिवशी तिच्या आईने, बायाबाईने, लेकीच्या जागेवर पणती लावली आणि पेटीवरचा दिवाही लावला. तेरवी झाली, पणती निवली. पेटीवरचा दिवा मात्र तिने कोणाला विझवू दिला नाही.

फाल्गुनात पेटीची काच हिरवी झाली. मोतीलाल खूश! तलावाचं पाणी हिरवं व्हावं, मासे पोसावे म्हणून मच्छीमार सोसायटीवाले त्यात शेण टाकतात. इथे फुकटात काम झालं होतं. पण मासे काही पोसले नाहीत. लाकडाला हिरवी दाढी फुटली, रोपट्याची पानं शेवाळाखाली पिवळी पडू लागली. मोतीलालने दात घासायच्या ब्रशने लाकूड घासलं, एकेक पान अंगठ्याने पुसलं. चार दिवसांत दाढी परत. त्याची स्वतःची एवढ्या जोमाने कधी आली नव्हती.

शेवटी तो हायवेवरच्या लिलाधरच्या दुकानात गेला. तिथे मोबाइलची कव्हरं आणि रंगीत मासे एकाच काउंटरवर मिळत.

"लाइट किती वेळ चालू रायते, काका?"

"चालूच रायते."

"रातीबी? बापा! तुमी तं शेवाळाची शेती करून राहिले!" लिलाधर हसला. मोतीलालही हसला, पण लाइट रात्रंदिवस का चालू राहतो ते त्याने सांगितलं नाही.

"तीन दिवस लाइट बंद. वरून जाड चादर टाका, उजेड जाऊ देऊ नोका. मंग रोज सहा घंटे, बस. नाई तं रोपटं गेलं समजा."

भर पुरात डोंगा घालणारा हा माणूस, पण बायकोला एवढं सांगायच्या आधी त्याला तीनदा चहा मागावा लागला.

"गुंजनची माय, लाइट बंद करा लागते."

"कोणता?" विचारलं खरं, पण तिला कळलं होतं. "नाई. अंधारात ठेवता तिले?"

"तिले नाई वो. रोपट्याले."

"तिनंच बांधलं नं ते?"

"म्हणूनच सांगून राहिलो. मरून राहिलं ते. आपल्याच उजेडानं."

बायाबाई पेटीसमोर बसली. शेवाळातून दोऱ्याची गाठ दिसत होती. गुंजनची सवय, दुहेरी गाठ. मग ती उठली आणि गुंजनची पांघरायची चादर घेऊन आली. बटण मोतीलालने दाबलं. चादरीची दोन-दोन टोकं दोघांनी धरली, आणि दोघांनाही पौषातली दुसरी चादर आठवली.

तीन दिवस बायाबाई पेटीशेजारी तांदूळ निवडत बसली. तेच किलोभर तांदूळ, रोज. मोतीलालने त्यावर काहीतरी थट्टा करायचं ठरवलं होतं. त्याऐवजी तो तिच्याशेजारी बसून खडे वेचू लागला.

चौथ्या दिवशी दुपारी चादर काढली. मासे पाचच होते. लाकडावरची दाढी पांढुरकी होऊन सुटत होती. रोपट्याची पानं सगळी गळाली होती. गाठीजवळ तांदळाएवढा एक कोंब होता.

"जगते का हा?" बायाबाईने विचारलं.

पाण्यातलं सगळं कळणारा मोतीलाल कोंबाकडे बघत राहिला. "मले नाई समजत," तो म्हणाला.

त्याने लाइट लावला. दिवेलागणीला सहा तास भरले, तेव्हा तो उठायच्या आत बायाबाई उठली. तिने बटणावर बोट ठेवलं.

"निज आता, माय," ती काचेला म्हणाली. "उद्या लावून देईन."

आणि तिने बटण दाबलं.