सुपातल्या विड्या

गॅलरीत पाणी नेणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. आणि त्या सकाळी शेवंताआक्का बाटलीतलं पाणी थेट कलाकृतीवर शिंपडत होत्या!

मी बेळगावातल्या एका कला संग्रहालयात रजिस्ट्रार आहे. म्हणजे आलेल्या प्रत्येक कलाकृतीची राखणदार. कुठं ओरखडा, कुठं डाग, सगळ्यावर माझी नजर. आमच्याकडे रेसिडेन्सी चालते. कलाकार इथंच राहतो, काम करतो. जागा आणि सामान आम्ही देतो. यंदा निपाणीची स्मिता होती. आईनं विड्या वळून शिकवलेली पोरगी. तिनं जमिनीवर गोलात सुपं मांडली. प्रत्येकात टेंभुर्णीची पानं, तंबाखू, दोरा, कात्री आणि तिनं स्वतः वळलेल्या थोड्या विड्या. कीड लागू नये म्हणून ती पानं आणि तंबाखू मी आधी फ्रीझरमध्ये ठेवली होती. एवढे लाड मी घरच्या भाजीचेही करत नाही.

त्या दिवशी बेंगळुरूहून निवड समिती येणार होती. पसंत पडलं तर काम कायमचं संग्रहात, नाहीतर सुपं परत निपाणीला. स्मिताला घास गिळवत नव्हता.

उद्घाटन संध्याकाळी होतं. पण तिची आई, शेवंताआक्का, मैत्रिणींना घेऊन सकाळच्या बसनंच हजर! चपला दाराबाहेर काढून सगळ्या आत आल्या. त्यांना गॅलरीत बसवून आम्ही फाटकावर गेलो. समितीला उशीर झाला. पाहुण्यांना घेऊन परत येतो तर प्रत्येकीच्या मांडीवर एकेक सूप आणि विड्या वळणं जोरात सुरू.

मी पुढं धावले. "आक्का, अहो, हे प्रदर्शनातलं आहे!"

"व्हय की. पन पानं पार वाळलीत गं, पानी मारल्याबिगर वळंनात. आन् सूप म्होरं असताना रिकामं कसं बसायचं?"

बोलता बोलता त्या स्मितानं वळलेल्या विड्या एकेक उसवत होत्या. "असली ढिली विडी कारखान्यात कोन घेतंय? बाद."

आमचे डायरेक्टर देसाई सर लालबुंद झाले. "थांबवा हे आधी! सिक्युरिटी!"

"थांबवू नका सर!" स्मिता ओरडलीच. "कधीपासनं सुपं इकडची तिकडं करतोय आपण. काय कमी हाय तेच कळंना झालतं. माणसंच न्हवती ओ ह्यात!"

समितीच्या अध्यक्ष मॅडम पुढं आल्या. त्यांनी चपला काढल्या. "बर्री, कुंद्री," असं कन्नडमधून म्हणत आक्कांनी त्यांना शेजारी बसवलं आणि हातात पान दिलं. मॅडमची पहिली विडी सुटली, दुसरीचं पान फाटलं. सगळ्या खदखदून हसल्या, मॅडम सगळ्यांत मोठ्यानं. मलाही राहवेना. मीही बसले. इतकी वर्षं वस्तू सांभाळतेय, पण गॅलरीत एवढी मजा कधी आली नव्हती.

उठताना मॅडम म्हणाल्या, "घेतलं. पण एक अट. काम मांडाल तेव्हा दर रविवारी या बायका इथं बसल्या पाहिजेत, मानधन घेऊन. आणि नावं सगळ्यांची लावा."

टाळ्याच टाळ्या. देसाई सरांच्याही. स्मिता नुसती हसत होती. मग आईशेजारी बसून तिनं एक विडी वळली आणि पुढं केली. आक्कांनी ती चिमटीत दाबून बघितली, फिरवली आणि सुपात ठेवली.

"आत्ता जमली."

तेव्हा मात्र स्मिता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

'हात लावू नका'ची पाटी मी बाकीच्या कामांना अजून लावते. पण नवीन कलाकार आला की पहिला प्रश्न विचारते, "घरचे बघायला कधी येणार?" समितीची वेळ त्यावरून ठरवते.