न मरणारी मेंढरं

आमच्या कांचीतलं विटांचं देऊळ पाडून दगडाचं उभं राहिलं, तेव्हा राणीने देवाला अखंड दिवा दिला. त्याच्या तुपासाठी मेंढरांचा कळप आणला आणि माझ्या शेजारच्या सात्तन धनगराच्या गळ्यात घातला. रोज मापभर तूप, चंद्र-सूर्य असेतो. तसं भिंतीवर कोरलंय: ही मेंढरं मरत नाहीत, म्हातारी होत नाहीत. म्हणजे एक मेलं की त्याच्या जागी कोकरू, कळप तेवढाच. सात्तन ती अक्षरं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत मिरवायचा. वाचता कुठं येत होतं मेल्याला!

मग रोग आला. कोकरंसुद्धा गेली, दोन दुभत्या मेंढ्या तेवढ्या राहिल्या. त्यातच त्याची लेक बाळंतपणात गेली. जावई लढाईवरून परतलाच नव्हता. तान्हा नातू म्हाताऱ्याच्या पदरात.

दोन मेंढ्यांच्या दुधात दिवा तरी जळेल, नाहीतर पोर तरी जगेल. सात्तन दूध विरजायचा, लोणी काढायचा आणि पोराला पाण्यासारखं ताक पाजायचा. मी कुंभारीण, माझी छाती कधीचीच आटलेली. पेज भरवली तर पोर ओकायचं. मला बघवेना.

“सात्तण्णा, दूध पाज रे त्याला! जाऊन सांग सरळ, मेंढरं मेली म्हणून.”

“सांगितलं, अक्का. देवळाचा कारभारी हसला. म्हणाला, ती मरत नाहीत, भिंत बघ.”

“हसू दे मुडद्याला! एक दिवस दिवा विझला तर आभाळ कोसळणारे का?”

“हळू बोल गं. लेक गेली, त्या दिवशी माप कमी पडलं होतं माझं. आता यालाही नेईल देव.”

तरी मी रोज भांडायचे. माझ्या धाकाने तो पोराच्या तोंडात घोटभर दूध घालायचा. तेवढंच माप कमी भरायचं, कारभारी शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सात्तन घाबरून पोराला पुन्हा नुसतं ताक द्यायचा.

पोर रडायचं थांबलं. मग हलायचंही थांबलं.

वेगवती नदीच्या काठी त्याला पुरून आलो. माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. सात्तन मात्र घरी येऊन ताक घुसळायला बसला. संध्याकाळी तूप घेऊन निघाला, मी पणत्यांची पाटी घेऊन मागे.

त्या दिवशी माप काठोकाठ भरलं.

“बघ,” कारभारी म्हणाला, “उगाच रडत होतास. मेंढरं मरतात होय?”

“नाही मरत, सामी,” सात्तन म्हणाला.